रोमची रंगीत तालीम

बोटीची कंपनी जी सहल विकते ती घ्यायची नाही, हे मी क्रूझ बुक करायच्या आधीच ठरवलं होतं. छातीवर नंबराचं स्टिकर लावायचं, काठीला बांधलेल्या पाटीमागे चालायचं आणि पाटी थांबली की आपणही थांबायचं, हे मला जमणारं नव्हतं. मी कुणाच्या मागे चालणारा माणूस नाही. हे उगाच म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा होता. चौथीपासून सातवीपर्यंत, शाळेच्या दर सहलीत, रांगेच्या सगळ्यात पुढे मी असायचो आणि शिट्टीही माझ्याच गळ्यात असायची. मी ती वाजवली की साठ मुलं जागच्या जागी थांबायची. अमेरिकेत आजवर जेवढे इंटरव्ह्यू दिले त्या प्रत्येकात नेतृत्वगुणांचा प्रश्न आला की मी ही शिट्टी बाहेर काढली आहे. दोन नोकऱ्या तरी मला तिच्यामुळे मिळाल्या असाव्यात.

तर जूनमधली, भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ होती. बार्सिलोनाहून निघायचं, मार्सेय, फ्लॉरेन्सजवळचं बंदर, रोमजवळचं बंदर, नेपल्स, आणि परत. जाणारे आम्ही चौघं: मी, बायको, अकरावीतली मुलगी आणि माझी आई. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. वडील गेल्यापासून ती आमच्याकडे, इथे अमेरिकेत नोव्हायलाच असते. संगमनेरच्या शाळेत तिनं चौतीस वर्षं शिकवलं. मीही त्याच शाळेत होतो, आणि सहली काढायचं काम दरवर्षी तिच्याकडेच असायचं.

आपलं आपण हिंडायचं म्हटलं की एकच मोठा धोका असतो. बोट सकाळी सातला बंदराला लागते आणि संध्याकाळी सातला सुटते. कंपनीच्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर कप्तान थांबतो. आपले आपण गेलात आणि उशीर झाला, तर धक्क्यावर उभं राहून बोटीला हात हलवायचा आणि पुढच्या बंदराला कसं पोचायचं ते शोधायचं. शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी हे मोठ्या थाटात सांगितलं, तेव्हा एक मित्र म्हणाला, "मग घेऊन टाक ना यार त्यांचीच टूर. कशाला डोक्याला ताप?" मी हसलो. ज्यानं साठ मुलं सांभाळली आहेत तो तीन बायकांना घाबरेल का, असं काहीतरी बोललो. बायको समोसे गरम करत होती. तिनं ओव्हनचं दार जरा जोरात लावलं.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. नवीन लाइन सुरू करण्याआधी आम्ही एक तक्ता भरतो. काय काय बिघडू शकतं त्याची यादी करायची आणि प्रत्येक बिघाडाला दहापैकी तीन आकडे द्यायचे: बिघडलं तर किती वाईट, बिघडण्याची शक्यता किती, आणि वेळेत लक्षात येणं किती कठीण. मग तिन्हींचा गुणाकार. ज्याचा गुणाकार मोठा त्याचा बंदोबस्त आधी करायचा. पुढच्या रकान्यांत बंदोबस्त काय, जबाबदारी कुणाची, मुदत कधीपर्यंत. वीस वर्षं हे करून माझी अशी अवस्था झाली आहे की घरात दूध उतू गेलं तरी डोक्यात तीन आकडे येतात. क्रूझ ठरल्याबरोबर मी पहिलं काम केलं ते म्हणजे कोरा तक्ता उघडला.

आता तक्ता भरायला आकडे लागतात, आणि मनाचे आकडे टाकणं मला पटत नाही. सगळ्यात अवघड दिवस रोमचा होता. बंदरापासून रोमला जायला आगगाडीनं तासभर तरी लागतो, आणि एका दिवसात मी सहा ठिकाणं बसवली होती. म्हणून मी जाहीर केलं की रोमची रंगीत तालीम करायची.

फेब्रुवारी होता, बाहेर गुडघाभर बर्फ, तेव्हा तालीम मॉलमध्ये घ्यावी लागली. नकाशावर अंतरं मोजून मी दुकानं नेमून दिली. एका टोकाचं बुटांचं दुकान म्हणजे सेंट पीटर्स. अत्तरांचा काउंटर म्हणजे पँथिऑन. ट्रेव्हीचं कारंजं म्हणजे प्रेट्झेलचा स्टॉल, आणि दुसऱ्या टोकाचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे कलोसियम. सरकता जिना ही मेट्रो. अंतर पुरं पडावं म्हणून मध्ये मध्ये मॉलला दोन-दोन फेऱ्या. रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही चौघं पाठीवर सॅक आणि डोक्यावर उन्हाच्या टोप्या अशा वेषात बुटांच्या दुकानापुढे उभे राहिलो. टोप्यांचा आग्रह माझा. तालीम म्हणजे तालीम.

"बाबा, इफ एनीवन फ्रॉम स्कूल सीज मी, आय डोन्ट नो यू," मुलगी म्हणाली आणि वीस पावलं अंतर ठेवून चालायला लागली.

सेंट पीटर्स ते पँथिऑन वेळेत झालं. पँथिऑनला बायकोनं दोन्ही मनगटांवर वेगवेगळी अत्तरं लावून घेतली. मग आम्ही ट्रेव्हीला पोचलो आणि बघतो तर आई नाही. मी उलटा पळत गेलो. ती पँथिऑनच्या जरा पुढे एका बाकावर बसली होती. शेजारी तिच्याच वयाच्या एक अमेरिकन बाई काहीतरी विणत होत्या आणि टाका कुठे सुटला ते आई त्यांना बोटानं दाखवत होती.

"आई, रोममध्ये असं नाही चालणार."

"का? रोममध्ये विणत नाहीत का?" आईनं विचारलं. "दिसलं म्हणून थांबले. बघायलाच निघालोय ना आपण?"

परत ट्रेव्हीला येईपर्यंत मुलीचं प्रेट्झेल खाऊन संपलं होतं. कलोसियमला पोचलो तेव्हा एकूण उशीर तेवीस मिनिटं. त्यातली एकोणीस आईची, चार बायकोची. माझं एकही नाही, कारण घड्याळ माझ्या हातात होतं.

मार्चमधल्या एका रविवारी, जेवणं झाल्यावर, मी घरच्यांसमोर तक्ता सादर केला. टीव्ही पासष्ट इंची आहे, अक्षर कोपऱ्यातून सुद्धा वाचता येतं. एकूण एक्केचाळीस ओळी होत्या. रेल्वेचा संप, ऊन, पासपोर्ट हरवणे, पाकीट मारलं जाणे, बाथरूम न सापडणे. आईची ओळ मी सगळ्यात खाली टाकली होती. ती लिहिताना मनाला लागलं होतं म्हणूनच खाली टाकली होती. माझ्या तक्त्यात एक्केचाळिसाव्या ओळीपर्यंत जाईल इतका उत्साह आमच्या घरात कुणाला नाही, याची मला खात्री होती.

खात्री बरोबरच होती. पाचव्या ओळीला मुलगी फोनमध्ये शिरली, आठव्या ओळीला बायकोनं जांभई दिली. त्यांचं लक्ष वेधून घ्यायच्या नादात मी म्हणालो, "आता गंमत बघा. एक क्लिक केलं की सगळ्यात मोठा धोका आपोआप सगळ्यात वर येईल."

आणि मी क्लिक केलं.

जी ओळ वर आली ती इंग्रजीत होती, मराठीत अशी: बिघाड, आई मागे राहणे. परिणाम, बोट चुकणे, दहा. शक्यता, नऊ. वेळेत लक्षात येण्याची अडचण, सहा. गुणाकार पाचशे चाळीस. बंदोबस्त, आईला बोटीवरच ठेवणे. जबाबदारी, मी. मुदत, मे अखेर. दुसऱ्या नंबरावर रोमचे पाकीटमार होते. त्यांना मी तीनशे छत्तीस दिले होते.

आईनं चष्मा लावला. पेपर तपासताना वाचायची तशी तिनं ती ओळ डावीकडून उजवीकडे सावकाश वाचली.

"पहिला नंबर आला की माझा," ती म्हणाली. मग चष्मा काढून घडी घातली. "बरोबर आहे तुझं. मी बोटीवरच बसते. समुद्र काय, तिथूनही दिसतो."

ती उठून ताटं उचलायला लागली. मुलीनं फोन खाली ठेवला. "बाबा, यू मेड आजी अ डिफेक्ट."

"डिफेक्ट नाही, फेल्युअर मोड म्हणतात त्याला," मी म्हणालो. मी असा माणूस आहे. त्यानंतरचे तीन आठवडे बायको माझ्याशी फक्त कचऱ्याचा डबा आणि मुलीचं ड्रायव्हिंग या दोनच विषयांवर बोलली.

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्यावर मला जे एक येतं तेच मी केलं, म्हणजे तक्ता दुरुस्त केला. आधी नवाचे सात केले. मग ती ओळच काढून टाकली आणि आईला जाऊन सांगितलं की ओळ काढली. ती म्हणाली, बरं. मग मी व्हीलचेअरची कल्पना मांडली, मी स्वतः ढकलीन म्हणालो. ते ऐकून ती पहिल्यांदा थोडी चिडली. "रोज दोन मैल चालते मी. हळू चालते. हळू चालणं हा काय आजार आहे का?"

"अगं, मग तुझा युरोपचा व्हिसा? शिकागोला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो ना आपण."

"तो बोटीत बसायलाही लागतो," ती म्हणाली.

ती कामालाही लागली. बोटीवर वाचायला लायब्ररीतून पुस्तकं शोधली. दुपारी कुठल्या मजल्यावर सावली असते ते नातीला बोटीच्या वेबसाइटवर बघायला लावलं. ती रुसली असती, दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. ती समजूतदारपणे वागत होती आणि मला ते सहन होईना. वडील गेल्यावर तिला इथे आणताना मी म्हणालो होतो, तू एकटी राहायचं नाहीस, आमच्याबरोबर राहायचं. आता तीच बाई चार बंदरांवर एकटीनं बसायची तयारी करत होती, आणि ती सोय मी करून दिली होती, मुदतीच्या दोन महिने आधी.

"ओळ डिलीट केलीस," बायको एकदाची बोलली. "त्यांनी वाचलेलं कसं डिलीट करणार आहेस?" आणि आई उतरणार नसतील तर मीही उतरणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. मुलगी म्हणाली, "सेम." म्हणजे पोर्ट्सची एवढी आखणी आता एकट्या माझ्यासाठी उरली होती. रोममध्ये मी एकटा, वेळेत, सहा ठिकाणं बघणार होतो.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर मी आईला म्हणालो, आणखी एकदा तालीम करू या. मॉलमध्ये नको, तळ्याभोवतीच्या पायवाटेवर. ये ना.

तिनं थोडा विचार केला. "येते. पण रांग मी लावणार."

तिनं रांग लावली. पुढे ती, मग नात, मग सून, सगळ्यात शेवटी मी. क्रूझसाठी घेतलेले नवेकोरे बूट मी घातले होते. वाट तीन मैलांची, थोडी चढउताराची. आई तिच्या चालीनं चालत होती. बदकं दिसली की थांबायची, कुणाचं कुत्रं दिसलं की त्याच्या मालकाशी दोन शब्द बोलायची. पहिल्या मैलात मी सहा वेळा घड्याळ बघितलं आणि मनातल्या मनात रोममधली दोन ठिकाणं कापली. दुसऱ्या मैलात उजव्या टाचेला काहीतरी झोंबायला लागलं. मग चढ आला, आणि माझं घड्याळ बघणं बंद झालं. दिवसभर खुर्चीत बसून बिघाडांचे गुणाकार करणाऱ्या माणसाचं शरीर एक्कावन्नाव्या वर्षी कसं असतं, हे तक्त्यात कुठेच नव्हतं.

चढ संपायच्या आत आई थांबली. "बसू या जरा," ती म्हणाली. "इथून तळं छान दिसतंय."

बाक होता. मी त्यावर अक्षरशः पडलो, आणि तरीही माझी खोड गेली नाही. "दमलीस ना आई?" मी म्हणालो. "म्हणूनच मी..." वाक्य पुरं करायला श्वास पुरला नाही.

"बाबा, दॅट्स यू ब्रीदिंग लाइक दॅट," मुलगी म्हणाली. "आजी इज फाइन."

आईनं तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मी प्यायलो, आणि उरलीसुरली लाज राखायला म्हणालो, "शिवनेरी कसा चढलो होतो आपण, आठवतं? साठ मुलं, सात दरवाजे, आणि सगळ्यात पुढे मी."

"आजी, इज दॅट ट्रू? ही टेल्स एव्हरीवन दॅट स्टोरी."

"खरं आहे. पुढेच असायचा," आई म्हणाली आणि गप्प झाली. तिचं हे गप्प होणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. उत्तरपत्रिकेत काहीतरी चुकलेलं असायचं आणि सांगावं की नाही ते तिचं ठरत नसायचं.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. पुढे का असायचास ते तुला कधी सांगितलं नाही."

"बाईंचा मुलगा म्हणून."

"छे. बाईंचा मुलगा म्हणून मागेच ठेवला असता, लोक बोलू नयेत म्हणून." ती तळ्याकडे बघत होती. "सगळ्यात हळू चालणारं पोर पुढे ठेवायचं असतं. मग बाकीचे त्याच्या चालीनं चालतात. कुणी मागे राहत नाही. चौतीस वर्षांत एक मूल हरवलं नाही माझं."

मला समजायला थोडा वेळ लागला. बायकोला लागला नाही. तिनं तोंडावर रुमाल धरला होता.

"आणि शिट्टी?" मी विचारलं.

"तुला धाप लागायची. थांबा म्हणायची लाज वाटायची. म्हणून शिट्टी दिली. म्हटलं, वाजवलीस की सगळे थांबतील. तू वाजवायचास आणि ऐटीत सांगायचास, पाणी प्या सगळ्यांनी."

मुलगी हसता हसता बाकावरून खाली गवतात बसली. बायकोही तीन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर हसली. मीही हसलो असतो, पण माझ्या डोळ्यांपुढून इतक्या वर्षांतले इंटरव्ह्यू घेणारे सगळे चेहरे जात होते. माझं नेतृत्व ऐकून त्यांनी माना डोलावल्या होत्या.

"बाकीच्या मुलांना माहीत होतं?"

"कुणालाच नाही. बाकीच्या बाईंना नाही, तुझ्या वडिलांना नाही, तुलासुद्धा नाही," आई म्हणाली. "कशाला सांगायचं?"

मग मात्र मला रडू आलं. तिनं साठ मुलांसमोर माझी धाप झाकली होती, ती अशी की मी चाळीस वर्षं तिलाच माझी ऐट समजत आलो. आणि मी तिची चाल पासष्ट इंची टीव्हीवर लावली होती, गुणाकारासकट. मी तिला सॉरी म्हणालो. आमच्यात हा शब्द आई-मुलात वापरत नाहीत, त्यामुळे तो फार वेडावाकडा बाहेर पडला.

"आई, उतर ना आमच्याबरोबर."

"माझ्या चालीनं चालशील?"

"मला दुसरी कुठली झेपणार आहे?" मी म्हणालो आणि बूट काढून टाचेवरचा फोड दाखवला. तिनं तो चष्मा लावून नीट बघितला आणि पिशवीतून पट्टी काढली. सहलीला पट्टी घेतल्याशिवाय ती निघत नाही. माझ्या तक्त्यात पट्टी नव्हती.

नवी आखणी आईनं वहीच्या एका पानावर केली. प्रत्येक बंदराला एक ठिकाण, जवळ बसायला जागा, आणि बोट सुटायच्या दोन तास आधी परत. रोमला आम्ही फक्त ट्रेव्हीचं कारंजं बघितलं आणि समोर गर्दीत कठड्यावर टेकून पुऱ्या खाल्ल्या. आईच्या मते मॉलमधलं जास्त सोयीचं होतं, तिथे गर्दी कमी होती.

शेवटचं बंदर नेपल्स. नोव्हायच्या खेळांच्या दुकानातून मी एक शिट्टी घेतली होती, ती पहिल्या दिवसापासून आईच्या गळ्यात होती. तिनं अजून ती एकदाही वाजवली नव्हती. त्या दिवशी वरच्या गल्ल्यांतून समुद्र बघायचा होता आणि चढ चांगलाच होता. आमच्या शेजारून कंपनीची सहल गेली, छातीवर स्टिकरं, पुढे पाटी. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

चढाच्या पायथ्याशी आई थांबली आणि तिनं रांग बदलली. सून मागे, तिच्यापुढे नात, त्यांच्यापुढे ती स्वतः. मला तिनं दंडाला धरून सगळ्यात पुढे उभं केलं, आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. मी का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या वळणावर मी ती वाजवली.

आई लगेच थांबली. "बरं झालं वाजवलीस," ती म्हणाली. "मी दमलेच होते."

तिला जराही धाप लागलेली नव्हती.